शेवटची मोटर

१९९७ सालची गोष्ट. बेंगळुरूतल्या कॉलेजांच्या रोबो स्पर्धेला चारच तास उरले होते आणि संयोगिताच्या रोबोला अजून उजवं चाक नव्हतं.

समोर गाडीच्या वायपरची मोटर होती, शेवटची. तिच्या दांड्यावर ॲल्युमिनियमचं चाक बसवायचं होतं. डावं चाक त्याच्या मोटरीवर बसलं होतं. उजव्याचं भोक केसभर लहान पडलं होतं. काल एकटीच असताना तिने ते चाक हातोडीने ठोकलं, तर मोटरीच्या आतला प्लास्टिकचा गियर कट्कन मोडला. जोडीदारीण भूमिका आल्यावर मात्र संयोगिता म्हणाली, "मोटर मुळातच खराब होती गं." भूमिका बिचारी दुकानदाराशी भांडून ही दुसरी घेऊन आली. याच्यापुढे त्याच्याकडेही नव्हती.

आता मदतीला संयोगिताचे काका आले होते, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लेथ चालवणारे टर्नर. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी चाक स्टोव्हवरच्या तव्यात ठेवलं.

"तापलं की भोक फुगतं. मग सरळ घालायचं, एका दमात. मध्येच निवलं तर तिथंच धरेल, परत निघायचं नाही."

"तुम्हीच घाला ना, अण्णा."

"माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही आता. तूच घाल."

चाकावर शिंपडलेला पाण्याचा थेंब चरचरून उडाला. संयोगिताने मोटरीकडे पाहिलं. हीसुद्धा मोडली तर? भूमिका दोन्ही हातांनी मोटर घट्ट धरून बसली होती. तिचा तो भाबडा चेहरा संयोगिताला बघवेना.

"भूमिका, कालची मोटर मी मोडली. ठोकून."

भूमिकाने वर पाहिलं. पकड मात्र ढिली केली नाही. "आधी चाक घाल," ती म्हणाली.

संयोगिताने चिमट्याने चाक उचललं. ते दांड्यावर निम्मं गेलं आणि अडलं.

"थांबू नको! स्वल्प फिरव आणि दाब!" अण्णा ओरडले.

चिमटा टाकून तिने हातात येईल ते फडकं घेतलं आणि तळव्याने चाक रेटलं. फडक्यातून चटका बसला, डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने दाब सोडला नाही. चाक शेवटपर्यंत सरकलं. ते निवेपर्यंत दोघी तशाच धरून बसल्या. मग भूमिकाने बॅटरीच्या तारा लावल्या. चाक जरासं डुगडुगत, पण फिरलं.

स्पर्धेत त्यांचा रोबो दुसऱ्या फेरीत हरला. परतताना बसमध्ये भूमिका दुसऱ्या बाकावर बसली. आठवडाभर ती कामापुरतंच बोलत होती. मग एका दुपारी कँटीनमध्ये आपली कॉफी घेऊन ती संयोगिताच्या समोर येऊन बसली.