तुलनेची रांग

"तिचा पेला अजून थोडे दिवस मांडत जा. एकदम काढलास तर बावरेल," सासूबाई धाकट्या दिराला हळू आवाजात म्हणाल्या, आणि दाराशी चमचे घेऊन आलेली नवी सून दोन पावलं मागे सरली; मग, जणू आत्ताच येते आहे अशा बेतानं, पुन्हा आत आली.

टेबलावर पाण्याचा पेला एकच होता, तिच्या ताटाशी. आजवर तिला तो नव्या नवरीचा मान वाटला होता. त्या दुपारी मात्र तिच्या पहिल्यांदा ध्यानात आलं, की या घरात पाणी पिताना तिनं कुणाला पाहिलंच नव्हतं. दिराला ठसका लागला तरी तो नुसता खाकरून हसायचा. नवरा भर उन्हातून यायचा तो कोरड्या ठणठणीत शर्टानं, आणि निवांत संत्रं सोलत बसायचा.

संत्री मात्र घरात मनसोक्त होती. वाळवंटातल्या एका खुरट्या गवताचा जनुक संत्र्याच्या पेशीत रुजवण्यात सासूबाईंचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ऊन चढायच्या आत पानांची छिद्रं मिटून घेणारं, नावापुरत्या ओलीवर फळांनी लगडणारं झाड! बाईंना दगडाला पाझर फोडायचाय, असं म्हणून हसलेली माणसं आता रोपांसाठी त्यांच्या दारात ताटकळत. सुनेला या सगळ्याचा मनापासून अभिमान होता. माहेरी फोनवर ती 'आमची संत्री' म्हणायची. या तिघांत बसून तसं म्हणायला मात्र अजून जीभ रेटत नव्हती. ती घोट घ्यायला लागली की दीर हमखास विचारायचा, "वहिनी, माहेरी अंगणात तळं होतं का हो?" सगळे हसत. तीही हसायची, आणि पेला खाली ठेवायची.

एकदा नवऱ्यानं तिला हरितगृह दाखवलं. कडेला एक रांग जुन्या, साध्या झाडांची होती. फक्त तिलाच रोज पाणी.

"हिचे एवढे लाड का?"

"ही तुलनेची रांग. कुणीतरी साधं असावं लागतं ना, नाहीतर बाकीची किती बदलली ते कळणार कसं?" पान निरखावं तसा त्यानं तिचा हात हातात घेतला, मनगटाजवळची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती पुन्हा कशी बसते ते बघत राहिला.

"काय बघतोस?"

"काही नाही. सवय."

त्या दिवसापासून ती संत्री जरा जास्तच खाऊ लागली.

तज्ज्ञांची समिती येणार म्हणून सासूबाईंनी त्या रांगेचं पाणी आधीच तोडलं होतं. पाहुणे आले तेव्हा ती झाडं माना टाकून उभी होती, आणि शेजारची, तितकीच तहानलेली, फळांनी वाकली होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला, आणि तो कोरडाच घडी करून ठेवला. सकाळभर उन्हात पाहुण्यांना झाडं दाखवत फिरलेल्या सुनेनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. "ही आमची संत्री," ती कुणाला तरी म्हणून गेली, आणि मग कपाळ पुसायला नेलेला तिचा हात तसाच खाली आला. पुसण्यासारखं काहीच नव्हतं.

दुपारी जेवायला बसले तेव्हा तिच्या ताटाशी पेला नव्हता.

पाणी तोडल्यावर पानांकडे बघत असत तशाच मायेनं, तशाच चिकाटीनं तिघं तिच्याकडे बघत राहिले. तिनं तहान शोधली. सकाळी निघताना किल्ली चाचपावी तशी घशात, जिभेखाली, छातीत शोधली. मग पाठ ताठ करून तिनं पहिला घास घेतला. तो सहज उतरला.

दिराला राहवलं नाही. त्यानं फळीवरचा पेला आणून तिच्यासमोर ठेवला. "लागला तर असू दे हं, वहिनी."

तिनं पेला उचलला, आतून बाहेरून पुसला, आणि पालथा घालून सासूबाईंकडे सरकवला.

"जपून ठेवा, आई," ती म्हणाली. "भावजींची बायको आली की लागेल."