लाइलच्या चांदीचा भाव

“कडेनं धर रे. त्याच्या तोंडाला हात लावायचा नाही.”

टॉलेफसन म्हाताऱ्याचा हा आवाज मी बाविसाव्या वर्षी ऐकला, चर्चच्या तळघरात, नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात. नाण्यावर वर्षानुवर्षं चढत गेलेली काळी-निळी झाक म्हणजे त्याचं जगणं, असं तो सांगायचा. ती घासली की नाणं चकाकतं खरं, पण मग जाणकार त्याला अर्धीही किंमत देत नाही. माझ्या शेजारी तेव्हा लाइल बसला होता. तो धान्याच्या कोठारावर कामाला, आणि मी नुकतंच नाण्यांचं दुकान थाटलेलं. आमच्या खुर्च्या शेजारी लागल्या त्या लागल्याच. पंचेचाळीस वर्षं झाली.

या मार्चमध्ये त्याचा फोन आला. डोळे गेल्यात जमा होते. मधोमध काळोख, कडेला जरासा उजेड. फार्गोला मुलीजवळ तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या.

“चांदीचे डॉलर विकतोय, ऑरिन. तूच घे. फक्त वाजवी भाव कर.”

मी गेलो तेव्हा टेबलावर अल्बम मांडून ठेवलेला होता. मार्लिसनं, त्याच्या बायकोनं, रुबार्बच्या आंबटगोड वड्या पुढे केल्या.

“आधी खायला घालू नकोस त्याला,” लाइल म्हणाला. “पोट भरलं की हा उदार होतो, आणि नंतर आपल्या नावानं रडत बसतो.”

“रडू दे की. वड्या तरी संपतील.”

मी हसत पहिलं पान उघडलं आणि हसू ओठांवरच राहिलं. एकूण एक डॉलर पांढराफेक. नुकत्याच विसळलेल्या चमच्यांची रांग लावावी तसे. भिंग लावून पाहिलं. बारीक बारीक ओरखडे, गोल गोल, घासलेल्या पातेल्यावर उठतात तसे. दुसरं पान. तिसरं.

“कार्सन सिटीच्या टांकसाळीतला आला का? अठराशे एकोणनव्वदचा?” लाइलनं विचारलं. “त्याच्यावरच्या बाईच्या गालावर निळी झाक आहे बघ. दिवेलागणीला तळ्याच्या पाण्यावर उतरते, तशी. आता दिसत नाही मला. पण डोळे मिटले की दिसते.”

गाल कोरा होता. “बघतोय,” मी म्हणालो.

“मग बघ नीट. मी चिठ्ठ्या आणतो.”

भिंतीला हात लावत तो आतल्या खोलीत गेला. मार्लिस लगबगीनं माझ्याजवळ वाकली.

“छान दिसतात ना?” ती कुजबुजली. “किती काळवंडली होती रे. गाडी विकताना आपण धुतो की नाही? म्हटलं, चार पैसे जास्त येतील.”

“सगळी?”

“सगळी. तीन दिवस लागले. त्याला बोललेच नाही. मला कुठे हात लावू द्यायचा तो.” माझ्याकडे बघता बघता तिचा आवाज खाली गेला. “का रे?”

सांगायचं होतं. जीभ उचललीही होती. पण भिंतीवरून सरकत येणारा त्याचा हात दिसला.

“काही नाही,” मी म्हणालो.

आमच्या मंडळात सभासदानं सभासदाला माल विकायचा तर घासाघीस करायची नाही. दोघांनी आपापला आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठ्या एकदमच उलटायच्या. फरक दहाव्या हिश्शाच्या आत असला तर मधला आकडा धरून हात मिळवायचा. लाइलनं जाड पेन घेतलं आणि कागदाला नाक टेकवून मोठे मोठे आकडे काढले. प्रत्येक नाण्याचा भाव त्याला तोंडपाठ.

माझं पेन हलेना. खरा आकडा लिहिला तर कारण सांगावं लागणार, तेही तिच्या देखत. त्याला आवडेल असा लिहिला तर दुकान गहाण पडलं असतं, आणि कोणतं नाणं कुणाला कितीला विकलंस, हे विचारायला त्यानं दर आठवड्याला फोन केला असता. शेवटी नाण्यांची जी किंमत उरली होती ती लिहिली. त्यात माझा नफा एक डॉलरही धरला नाही.

“वाच गं,” लाइल म्हणाला.

मार्लिसनं चिठ्ठ्या उलटल्या. “तुझे अठरा हजार.” मग ती थांबली.

“आणि त्याचे?”

“सात हजार चारशे.”

“चष्मा पूस. परत वाच.”

तिनं परत वाचलं.

“सात हजार?” लाइल हळूच म्हणाला. “हा तर घासलेल्या मालाचा भाव झाला.”

मार्लिसनं चटकन अल्बमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

“बाजार पडलाय, लाइल.”

“कधी पडला? सोमवारी फोनवर तूच म्हणालास ना, चांदीला आग लागलीय म्हणून?” तो माझ्याकडे वळला, पण नजर माझ्या खांद्यापलीकडे लागली होती. “दिसत नाही म्हणून होय? आंधळ्याला काय कळतंय, असंच ना? दुसऱ्या कुणी केलं असतं तर हसून सोडून दिलं असतं, ऑरिन. तू?”

“मला एवढंच जमेल.”

“मग कोट घाल आणि नीघ.”

मी कोट घेतला. बाही सापडेना. हा माणूस आता मरेपर्यंत मला चोर समजणार, हे गिळायला मी तयार झालो होतो. निदान तसं मला वाटत होतं. पण दाराच्या मुठीला हात लावला आणि पाय उचलेनात.

“थांब, ऑरिन,” मार्लिस म्हणाली. ती लाइलच्या खुर्चीजवळ गेली, खाली बसली आणि त्याचे दोन्ही हात तिनं आपल्या हातांत घेतले.

“त्यानं नाही फसवलं तुला. मी घासली रे ती. बेकिंग सोडा लावून, तू दुपारचा झोपलास की, एकेक करून.”