खालच्या दरवाज्यावरून

श्रीरामपूरच्या एका जुन्या टॉकीजच्या खालच्या दरवाज्यावर मी एकवीस वर्षं तिकिटं फाडतो आहे. पिक्चर कसा आहे ते मला विचारू नका, मी पडद्याकडे फारसं बघतच नाही. मी माणसांकडे बघतो. शिट्टी कुठे पडते, बाया पदर कुठे डोळ्याला लावतात, माणूस लघवीला कुठे उठतो, एवढ्यावरून पहिल्याच दिवशी सांगतो की हा पिक्चर किती आठवडे चालणार. मालकसुद्धा मला विचारतात, "काय सत्यवान, किती दिवस?" या शहाणपणाचा मला फार गर्व होता. त्या गर्वानंच माझं घर धुऊन नेलं.

दिवाळीनंतर तो पिक्चर लागला. एका मोठ्या बंगल्यात कामाला आलेली बाई. घरात मालक, मालकीण आणि त्यांची पाच-सहा वर्षांची मुलगी. मध्यंतरापर्यंत बाईचे हालच हाल. मग तिच्या डोक्यात हळूहळू काहीतरी शिरतं. मालकिणीच्या कपातून चहा पिते, तिची साडी नेसून आरशासमोर उभी राहते, मुलीच्या वस्तू एका डब्यात लपवून ठेवते. शेवटी मालकिणीला मागच्या विहिरीत ढकलते. पोलिस तिला घेऊन जातात आणि जीपमध्ये बसताना ती हसते. संपलं.

खाली त्या पिक्चरनं आग लावली. कारखान्याच्या तळावरची ऊसतोडीची माणसं, मार्केटातले हमाल, भांडी घासणाऱ्या बाया, सगळी खाली बसतात. बाईनं मालकिणीच्या कपाला तोंड लावलं की शिट्ट्यांनी पत्रा उडायची वेळ यायची. डब्याचा सीन आला की बाया नाकं ओढायच्या. विहिरीपाशी तर खुर्च्यांवर उभं राहून टाळ्या. मी मालकांना सांगितलं, चार आठवडे कुठं जात नाही. लोकांना बाई आवडली आहे. लोक म्हणजे माझ्या दरवाज्यातून आत गेलेले लोक. बाल्कनीचा जिना बाहेरून आहे, तिथे बन्सी असतो. वर काय बोलतात हे खालच्या गलक्यात कधी ऐकू आलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही.

माझी बायको मरिया पंकजावहिनींच्या बंगल्यावर कामाला होती. शिर्डीत त्यांची दोन हॉटेलं आहेत, त्यामुळे नवराबायको निम्मा वेळ तिकडे. त्यांची रेवा अकरा दिवसांची होती तेव्हा मरिया तिथे लागली. आता रेवा सहा वर्षांची आहे. ती फक्त मरियाच्या हातून जेवते. ताट पुढे करून सगळे दमले, पण मरियानं भाकरी दुधात कुस्करून घास केला की तोंड आपोआप उघडतं. आम्हाला मूल नाही. डॉक्टर झाले, चर्चमध्ये प्रार्थना झाल्या, पुढे तो विषय आम्ही सोडून दिला. रेवा आली आणि मरिया पुन्हा गुणगुणत स्वयंपाक करायला लागली.

गेल्या पावसाळ्यात रेवाचा पहिला दात पडला. पडलेला दात कौलावर फेकायचा असतो, म्हणजे नवा लवकर येतो. बंगल्याला स्लॅब. वहिनी म्हणाल्या, "कुठेही टाक गं." मरियानं तो पदराला बांधून आमच्या पत्र्यावर टाकायला आणला आणि तिचा हातच उठेना. एका बिस्किटाच्या डब्यात रेवाचा लहानपणीचा एक मोजा होता, दोन तुटक्या क्लिपा होत्या, त्यात तो दात गेला. रोज एकदा डबा उघडायची, बघायची, बंद करायची. मी चेष्टा करायचो, "काय, सोनं ठिवलंय का त्यात?" ती म्हणायची, "तुमाला काय कळतंय."

पिक्चरच्या तिसऱ्या रविवारी वहिनी आल्या. मीच मरियाकडून निरोप धाडला होता, पिक्चर लई भारी आहे, चुकवू नका. तीनच्या शोला त्या, त्यांची नणंद आणि दोन मैत्रिणी बाल्कनीत बसल्या. मरिया बंगल्यावर रेवापाशी. मध्यंतर झालं तसा मी समोसे आणि थंडा घेऊन वर गेलो. पाहुणचार नको का करायला?

"कसा वाटला, वहिनी?"

"बिचारी किती राबते हो," पंकजावहिनी म्हणाल्या. "डोळ्यात पाणी येतं."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हणालो, "अजून लई चांगला सीन यायचाय. पोरीच्या वस्तू डब्यात जपून ठिवती बगा ती. खाली बाया ढसाढसा रडत्यात." इथे थांबलो असतो तर! पण जिभेला हाड नसतं. "आमची मरिया बी अशीच हाय, वहिनी. तुमच्या रेवाचा पयला दात अजून डब्यात हाय तिच्या. मोजा हाय, क्लिपा हायत. रोज उघडून बगती. आमाला लेकरू न्हाई ना, तिनं रेवालाच जीव लावलाय."

वहिनींचा समोसा तोंडापाशी थांबला. "दात?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी हसून म्हणालो. नणंद वहिनींकडे बघायला लागली, तेवढ्यात घंटा झाली. बन्सी म्हणाला, "सत्यवान, तू थांब हितं, मी च्या पिऊन येतो." मी थांबलो. एकवीस वर्षांत पिक्चर चालू असताना वर उभं राहायची ती माझी पहिलीच वेळ.

बाईनं मालकिणीच्या कपाला तोंड लावलं. खालून शिट्ट्या आल्या. वर कोणीतरी "शी!" म्हणालं, एकदम मनापासून, ताटात झुरळ निघाल्यासारखं. साडी नेसली तेव्हा एक बाई म्हणाली, "म्हणून मी कपाटाला कुलूप लावते." मग तो डबा उघडला. खाली बाया रडत होत्या, मला कळत होतं. वर कुणी रडलं नाही. सगळे श्वास धरून बसले होते आणि मागच्या रांगेतला एक माणूस बायकोला म्हणाला, "वेडी आहे ती. आता मारणार बघ." त्या अंधारात पंकजावहिनींनी पडद्याकडे पाठ केली आणि दरवाज्याकडे, माझ्याकडे, बघितलं. माझ्या हातातली बॅटरी चालू होती. मी ती विझवली.

विहिरीत मालकीण बुडाली तेव्हा बाल्कनीत एक बाई ओरडली. खालच्या टाळ्या मला तिथून पहिल्यांदाच ऐकू आल्या आणि त्या टाळ्यांची मलाच भीती वाटली. शो सुटल्यावर वहिनी माझ्यासमोरून उतरल्या. जिन्यात नणंदेच्या कानाशी लागल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि ते मी बायकोच्या नावानं करून बसलो होतो.

घरी मी काही सांगितलं नाही. होईल विसर, असं मनाशी म्हणत राहिलो. भित्रा माणूस दुसरं काय म्हणणार?

सोमवारी मरिया सातला गेली आणि साडेआठला परत आली. "वहिनींनी डबा मागितलाय," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ होता, पण जरा आनंदही होता. तिला वाटलं, रेवाला दाखवायचा असेल. डबा पदरानं पुसून घेऊन गेली.

पुढचं तिनं मला दुपारी सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. वहिनींनी तिला आत घेतलं नाही. मागच्या ओट्यावर पेपर पसरला, त्यावर डबा उपडा केला. नणंद शेजारी उभी. "हे सगळं कधी नेलंस?" विचारलं. मरिया म्हणाली, "तुमीच म्हनलात ना, कुठंबी टाक." वहिनींनी टिश्यू पेपरनं तो दात उचलला आणि कचऱ्याच्या बादलीत टाकला. "उद्यापासून येऊ नकोस, मरिया. रेवासाठी आम्ही दुसरी सोय केली आहे." वरच्या खिडकीतून रेवा हाका मारत होती, "मावशी, भूक लागलीय!" मरियानं वर पाहिलं तशी नणंदेनं आत जाऊन खिडकी लावली.

"त्यास्नी कुनी सांगितलं वो डब्याचं?" मरियानं मला विचारलं.

"काय म्हाईत," मी म्हणालो.

पुढच्या दहा दिवसांत तिनं चार घरी काम विचारलं. चारही ठिकाणी आधीच बातमी पोचलेली. रविवारी चर्चबाहेर मनकर्णा नावाच्या बाईनं तिला तोंडावर विचारलं, "काय गं, तू त्या पिक्चरमधल्या बाईवानी केलंस म्हनं?" मरिया घरी आली आणि म्हणाली, "मला तो पिक्चर दावा." मी टाळलं, ती हटली नाही. शुक्रवारी पिक्चर बदलतो. शेवटच्या गुरुवारी तीनच्या शोला मी तिला खाली, माझ्या दरवाज्याजवळच्या खुर्चीवर बसवलं.

मी त्या दिवशी फक्त तिच्याकडे बघत होतो. कपाला शिट्ट्या पडल्या, ती हलली नाही. डबा उघडला. आजूबाजूच्या बाया डोळे पुसायला लागल्या, मरियाचे डोळे कोरडे. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तुमीच सांगितलं ना?"

अंधारात खोटं बोलणं सोपं असतं. पण माझ्यानं ते झालं नाही. "व्हय," मी म्हणालो. "कौतुकानं सांगितलं गं. देवाशपथ, कौतुकानं."

ती पुन्हा पडद्याकडे वळली. मला वाटलं, उठून जाईल, मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. विहीर आली, लोक खुर्च्यांवर चढले, टाळ्या, आरोळ्या. पोलिसांची जीप आली, बाई हसली आणि दिवे लागले. माणसं तिच्या गुडघ्यांना धक्के देत बाहेर पडली. हॉल रिकामा झाला तरी मरिया बसून होती.

"चल," मी म्हणालो.

"ती मालकिणीची पोर जिन्यात उभी हुती," ती म्हणाली. "फ्रॉक घातल्याली. तिचं पुढं काय झालं?"

तो पिक्चर माझ्यासमोर शंभराच्या वर वेळा चालला. शिट्टी कुठे पडते, हुंदका कुठे येतो, सगळं मला पाठ होतं. खालच्या माणसानं नाही, वरच्या माणसानं नाही, हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

"ते दावलं न्हाई," मी म्हणालो.

"दावाया पायजे हुतं," मरिया म्हणाली. "ती कुनाच्या हातनं जेवती आता?"