तीन विहिरींची पाटी

मी पाटी बोलतेय. दगडी नाही, मातीची. दोन तळहात जोडले तर त्यांत मावेन एवढी, एका कोपऱ्याला टवका उडालेली. वय विचारू नका, आकडा ऐकून हसाल. मी जन्मले तेव्हा कागद नव्हता, पुस्तक नव्हतं, आणि लिहिता येणारी माणसं अख्ख्या नगरात बोटांवर मोजण्याइतकी होती.

त्यांतलाच एक लेखनिक. नदीकाठची चिकणमाती तो मळायचा, थापायचा आणि ओली असतानाच बोरूने तिच्यावर खुणा करायचा. काम झालं की पाटी पाण्यात बुडवून पुन्हा गोळा. आमचं आयुष्य दोन-चार दिवसांचं, आणि मीही तेवढ्याच तयारीने आले होते.

त्या उन्हाळ्यात नदी आटली आणि नगरात हगवणीची साथ आली. लेखनिकाची बायको तीन दिवसांत गेली. कारण सापडलं नाही की लोक माणूस शोधतात. त्यांना एक विणकरीण सापडली, दोन महिन्यांपूर्वी परगावाहून आलेली, मागंपुढं कुणी नसलेली.

"पांढऱ्या पायाची आहे," लोक म्हणाले. "ही आली आणि साथ आली."

नगरप्रमुखाने ठरवलं, तिसऱ्या दिवशी हिला वेशीबाहेर काढायचं. पुढचं गाव तीन दिवसांच्या वाटेवर होतं आणि वाटेत पाण्याचा थेंब नव्हता.

लेखनिकाची धाकटी बहीण सुईण होती. तिला कुठल्याच घराचं दार बंद नसे. ती भावाकडे आली.

"दादा, ओली पाटी आहे का?"

"तुला कुठे लिहिता येतं?"

"तू लिही. मी घरोघरी फिरते, पण आता डोक्यात मावेना झालंय. आपल्या नगरातल्या तिन्ही विहिरी पाटीवर काढ. जे घर जिथलं पाणी पितं, त्या विहिरीखाली त्याची रेघ मार. घरात आजार असला तर उभी, नसला तर आडवी."

दोन दिवस तिने गल्ल्या पालथ्या घातल्या. मी सुकू नये म्हणून लेखनिक मला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. मधल्या विहिरीखाली उभ्या रेघांची रांगच लागली. एका रेघेपाशी त्याचा हात थांबला. ते त्याचं स्वतःचं घर होतं.

"मार, दादा," बहीण हळूच म्हणाली. "वहिनीची गाळलीस, तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवेल?"

त्याने मारली. ती रेघ सगळ्यांत खोल गेलीय.

तिसऱ्या सकाळी चौकात माणसं जमली. विणकरीण बोचकं घेऊन उभी होती. सुईणीने मला नगरप्रमुखापुढे धरलं.

"मला वाचता येत नाही, तुम्हालाही येत नाही. पण मोजता तर येतं ना? मधल्या विहिरीची चौतीस घरं, त्यांतल्या एकतीस घरांत आजार. बाकी दोन विहिरींची मिळून पन्नास, त्यांत चार. आणि ही बाई पूर्वेच्या विहिरीवर पाणी भरते. तिचे शेजारी ठणठणीत आहेत."

"देव कोपलाय, बाई."

"कोपला असेल. पण एकाच विहिरीवर कसा कोपला?"

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"सात दिवस ती विहीर बंद ठेवा," सुईण म्हणाली. "साथ हटली नाही, तर हिच्याबरोबर मलाही बाहेर काढा."

नगरप्रमुखाने माझ्यावरच्या रेघा बोटाने दोनदा मोजल्या. मग बायकोकडे वळून विचारलं, "आपलं पाणी कुठलं गं?"

"मधलं."

विहीर त्याच दुपारी बंद झाली.

तिसऱ्या दिवशी आणखी तीन घरं आजारी पडली. लोक कुजबुजायला लागले. पाचव्या दिवशी एकच घर, सहाव्या-सातव्या दिवशी एकही नाही. मग विहीर उपसली, तेव्हा कळलं की शेजारचं गटार फुटून दगडांमधून आत झिरपत होतं.

विणकरीण राहिली. लेखनिकाने मला बुडवायला उचललं, तर बहिणीने त्याचा हात धरला.

"राहू दे, दादा. पुढच्या वेळी लोक पुन्हा एखादी बाई शोधतील."

म्हणून मला भट्टीत भाजलं. पुढे एका साथीत लोकांनी मला बाहेर काढलं आणि विहिरी मोजल्या. दुसऱ्या साथीत कुणाला माझी आठवणही झाली नाही, एका म्हाताऱ्याला हाकलून दिलं. शहाणपण असं अधूनमधूनच येतं. नंतर नगरही गेलं. छत माझ्यावर कोसळलं आणि मी हजारो वर्षं मातीखाली पडून राहिले.

आता मी संग्रहालयात, काचेच्या कपाटात असते. माझ्यापुढच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'खेळाचा पट'. गेल्या आठवड्यात कपाट पुसताना एक अभ्यासक बाई बराच वेळ माझ्यावर वाकून राहिल्या.

"सर, खेळ नसावा हा," त्या म्हणाल्या. "सोंगट्या फिरल्या असत्या तर रेघा झिजल्या असत्या. कुणीतरी काहीतरी मोजलंय."

"काय मोजलंय?" संग्रहालयाच्या प्रमुखांनी विचारलं.

"ते नाही सांगता येत."

प्रमुखांनी चष्मा चढवला, मला निरखलं आणि जुनी चिठ्ठी काढून नवी लिहिली: 'मोजणीची पाटी. कशाची, ते माहीत नाही.'

मला राग आला नाही. उलट, रेघा बघून मगच बोलणारी ही माणसं आपल्या ओळखीची आहेत असं वाटलं. तुम्ही कधी आलात तर घाईने पुढे जाऊ नका. चौऱ्याऐंशी रेघा आहेत. सावकाश मोजा.