कडूबाईची किटली

कोजागिरीच्या आठवडाभर आधी रामकिसनभाऊंनी सुलेखाला जिन्यातच गाठलं. "मॅडम, या वेळी दहा मिनिटं आपल्या बिल्डिंगच्या एकोप्यावर बोला. मिलाफ, मेळ, संगम, असले भारी शब्द घाला. लोकांना गहिवरून आलं पाहिजे." रामकिसनभाऊ सोसायटीचे अध्यक्ष. बिडकीनकडची जमीन विकून ते पैठण रोडच्या या इमारतीत राहायला आले होते, आणि 'आपण सगळे एकच' हे वाक्य पानाला चुना लावावा तसं ते कशालाही लावत.

सुलेखा खूश झाली. गुलमंडीजवळच्या शाळेत ती मराठी शिकवायची, आणि शब्द म्हणजे तिचा जीव की प्राण. रोज येता-जाता रिक्षात ती जोडायचे शब्द जमवू लागली. सांधणं, जुळवणं, गुंफणं, शिवणं, कालवणं, मिसळणं, एकजीव होणं. भाषणाला कवितेसारखी चाल आली होती.

खूश व्हायला आणखी एक कारण होतं. तिची माय, कडूबाई, पाचोडहून येणार होती. सुलेखाचा बाप मोतीराम गेल्यापासून म्हातारी एका म्हशीच्या सोबतीनं गावात एकटी राहायची. सुलेखा आणि तिचा नवरा इंद्रजीत दोघंही तिला कायमची इथं बोलवून दमले होते. कडूबाईचं उत्तर ठरलेलं. "तिथं आपल्या लोकांला कोन इचारतं? हितं निदान वळखीचे तरी हायत." यावर सुलेखाचंही उत्तर ठरलेलं. "शहरात तसलं काही राहिलं नाही, माय. एकदा येऊन डोळ्यांनी बघ." हे ती इतक्यांदा म्हणाली होती की तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. या वेळी म्हातारी 'बघून जाते' एवढ्यावर राजी झाली.

ती आली ती मांडीवर दुधाची किटली धरून. एसटीच्या धक्क्यांत एक थेंब सांडू दिला नव्हता. स्टीलच्या त्या किटलीवर मोतीरामनं कधीकाळी बाजारातून नाव घालून आणलं होतं, 'कडूबाई मोतीराम'. कोजागिरीला सोसायटीतल्या घराघरातून दूध गोळा होतं आणि गच्चीवर एकाच कढईत आटतं, हे सुलेखानं फोनवर सांगितलं होतं. पिशवीच्या दुधात आपल्या म्हशीचं दूध पडलं तर लोकांना कळेल तरी दूध कशाला म्हणतात, असा म्हातारीचा हिशेब. दुपारी अध्यक्षांची सून संस्कृती दूध न्यायला आली, तेव्हा कडूबाईनं किटली तिच्या हातात देऊन बजावलं, "जयभीम बाई. ढवळून घ्या बरं का, साय लई येती." संस्कृती "हो आजी" म्हणाली आणि किटली घेऊन वर गेली.

संध्याकाळी बायका खुर्च्या धरायला लवकर वर गेल्या, त्यांच्याबरोबर कडूबाईही गेली. सुलेखा मागून भाषणाचा कागद घेऊन पोचली. चंद्र नुकताच वर आला होता. मधोमध शेगडीवर मंडपवाल्याकडची मोठी कढई, तिच्यात दूध पिवळसर होत आलेलं, वर चारोळ्या. माईक चालू होत नव्हता म्हणून सुलेखा पाण्याच्या टाकीमागं बटण बघायला गेली. तिथं घराघरांतली रिकामी पातेली विसळून पालथी घातली होती. त्यांच्यापासून हातभर लांब एकच भांडं उभं होतं. कडूबाई मोतीराम. झाकण उघडलं तर दूध काठोकाठ.

संस्कृती पेले घ्यायला तिथंच आली. "हे इथं का?" सुलेखानं विचारलं.

संस्कृतीचा चेहरा उतरला. "ताई, गैरसमज नका करून घेऊ. आमच्या सासूबाईंनी मुद्दाम बाजूला ठेवलं. चंद्राला नैवेद्य दाखवायचा असतो ना. तुमच्यात हे मानत नाहीत. उगाच तुमच्या भावना दुखावतील म्हणून."

भावना! बघा केवढी काळजी. सुलेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग या दुधाचं काय करणार होता?"

"उद्या झाडूवाल्या मावशींच्या चहाला होईल म्हणाल्या."

"मागच्या वर्षीचं आमचं दूध?"

संस्कृती हातातले पेले मोजायला लागली. सुलेखाला तेवढ्यानंच कळलं. मागच्या वर्षी याच गच्चीवर सुलेखानं दोन पेले पिऊन सगळ्यांचे आभार मानले होते, आणि तेव्हा तिच्या घरचं दूध इथंच टाकीमागं बसलं होतं. तिला त्यांच्याइतकाच स्वतःचाही संताप आला. शब्द शिकवणारी बाई, आणि तिला एवढं दिसू नये!

"आता आपल्या लाडक्या मॅडम!" रामकिसनभाऊंनी पुकारा केला. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत कडूबाई पदर नीट करून, हात मांडीवर ठेवून बसली होती. सुलेखानं कागद उघडला आणि वाचायला लागली. "आपली भाषा जोडणाऱ्यांची भाषा आहे. तिच्यात सांधणं आहे, जुळवणं आहे, गुंफणं आहे, मिसळणं..." तिथं तिची जीभ अडली. तिनं कागदाची घडी घातली.

"भाऊ, तुम्हीच मला जोडायचे शब्द मागितले होते. मग नीट ऐका. कापडाला कापड शिवलं तर ते उसवता येतं. लाकडाला लाकूड जोडलं तर मधली फट दिसते. पण दुधात दूध मिसळलं तर ते परत वेगळं काढता येत नाही. हा शब्द तुम्हाला नकोच आहे. तुम्हाला शिवलेली माणसं पाहिजेत, वाटेल तेव्हा उसवता येतील अशी."

लोक अजून हसऱ्या चेहऱ्यानंच बसले होते. भाषणातलंच काही असेल असं त्यांना वाटलं. सुलेखानं माईक ठेवला, टाकीमागून किटली उचलून आणली आणि कढईवर वाकवली. अध्यक्षांच्या पत्नी सारजाबाई खुर्ची ढकलून धावल्या. त्यांनी तिचं मनगट धरलं. "अगं ए, नैवेद्य व्हायचाय अजून! बाटवती का काय सगळं!"

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. सारजाबाईंनाही आपण काय बोललो ते कळलं आणि त्यांचा हात सुटला.

"ऐकलं सगळ्यांनी?" सुलेखाचा आवाज चिरकला होता, पण तिला त्याची पर्वा नव्हती. "भावना-बिवना सगळं तोंडदेखलं. खरा शब्द हा." आणि तिनं किटली पालथी केली. उकळून वर आलेलं दूध गार धारेनं खाली बसलं. संस्कृतीनं झारा हातात घेतला आणि ढवळायला लागली. "आता काढा. आमचं कुठलं आणि तुमचं कुठलं, ते वेगळं काढून दाखवा मला."

"मॅडम, विषय वाढवू नका," रामकिसनभाऊ कसंबसं म्हणाले. "तुम्ही लोक पौर्णिमा पाळत नाही, म्हणून आम्ही आपलं..."

"कोन म्हनलं तुमाला?" कडूबाई उठून उभी राहिली. "आज आमच्या भंतेजींचा पावसाळ्यातला वर्षावास संपतो. पौर्णिमा काय तुमच्या बापाची हाय व्हय?"

मग एकाला ॲसिडिटी आठवली, एकीच्या पोराला खोकला झाला, आणि जिन्यात चपलांची गर्दी झाली. सारजाबाई नैवेद्याची वाटी तशीच ठेवून गेल्या. काही पोरं मात्र पेले पुढं करून शेगडीपाशीच उभी राहिली, आणि सगळ्यांदेखत त्यांना ओढून न्यायची त्यांच्या आयांना लाज वाटली. कडूबाईनं पेला धरला. संस्कृतीनं तो भरला, पण म्हातारीच्या डोळ्याला डोळा दिला नाही. कडूबाईनं दूध फुंकर घालत, सावकाश, उभ्यानं संपवलं.

सुलेखा मायजवळ गेली. उद्या सकाळच्या गाडीनं माय जाणार आणि परत या शहराचं नाव काढणार नाही, हे तिला दिसत होतं. "चुकलं माझं, माय. मी तुला सांगितलं होतं, इथं तसलं काही नाही."

"मला दिसली व्हती किटली. हात धुवायला टाकीकडं गेले तव्हाच."

"मग बोलली का नाय?"

"म्या जलमभर पाहिलंय. तुला दिसतं का नाय, ते बघायचं व्हतं."

सुलेखाला रडू फुटलं. रागाचंच रडू होतं ते. कडूबाईनं तिच्या हातातून रिकामी किटली घेतली आणि पदरानं नावावरचे थेंब पुसले.

"उद्याच्या गाडीचं राहू दे," ती म्हणाली. "म्हस शेजारच्या आशाबाईला देऊन टाकते. म्या आता हितंच राहनार. फुडल्या कोजागिरीला दूध कोनाच्या हातात द्यायचं नाय, म्या सोताच वतीन. बघू कोन धरतं माझं मनगट."