सोलून आणलेली कुपनं

संध्याकाळी सून फोनवर कुपनं जमवणाऱ्या बायकांच्या गटातले निरोप वाचायची आणि सासूबाई शेजारी भाजी निवडत चौकशा करायच्या. बोगो म्हणजे एकावर एक फुकट. ओओपी म्हणजे सगळी सूट वजा जाऊन पदरचं जातं ते. वायएमएमव्ही म्हणजे एका दुकानात चाललं म्हणून दुसऱ्यात चालेलच असं नाही. एवढी अक्षरं गिळून तुम्हाला अजीर्ण कसं होत नाही, असं म्हणून सासूबाई हसायच्या, पण सगळं ध्यानात ठेवायच्या. मुलाकडे राहायला आल्यापासून आपला कुणाला उपयोग नाही, हे त्यांना आतून खात होतं.

एकदा निरोप आला, कोपऱ्यावरच्या दुकानात बाळांच्या साबणाला पिली आहे. पिली म्हणजे बाटलीवर चिकटवलेलं, सोलून काढायचं कुपन. दुसऱ्या दिवशी सून कामाला गेली तशा सासूबाई निघाल्या. नखाने हलकेच, एकही न फाडता, त्यांनी फळीवरच्या झाडून सगळ्या बाटल्या सोलल्या. देवाने हातून काहीतरी करून घेतलं म्हणून वाटेत त्याचे आभारही मानले.

संध्याकाळी त्यांनी गठ्ठा पुढे ठेवला, आणि सुनेचा चेहराच उतरला. कुणीतरी फळी साफ केली म्हणून गटात दुपारपासून ओरड चालली होती. जनाची नाही तर मनाची तरी ठेवावी, असं त्या चोराला सुनेनेही सुनावलं होतं.

"आई, जो बाटली घेईल त्याचं कुपन असतं ते. बाकीची मागच्यांसाठी सोडायची."

"हे नव्हतं गं सांगितलंस."

"माझंच राहिलं सांगायचं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मुलगा म्हणाला, आमची आई दुकान लुटून आली. पण कुणी हसलं नाही. सुनेने गटात लिहिलं, 'कुपनं माझ्याकडून काढली गेली. चूक झाली.' सासूबाईंचं नाव तिने घेतलंच नाही. सासूबाईंनी गठ्ठा उचलून आपल्या पिशवीत ठेवला.

सकाळी गठ्ठा घेऊन त्या दुकानात गेल्या आणि गल्ल्यावरच्या बाईला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, डिंक गेलाय, आता ती चिकटायची नाहीत. हवं तर उभ्या राहून वाटा. त्या फळीपाशी उभ्या राहिल्या. छातीशी बाळ बांधलेला एक तरुण आला, बाटली उचलून उलटीसुलटी बघू लागला. त्यांनी कुपन पुढे केलं. त्यांना दुकानातल्याच समजून तो म्हणाला, "फार उपकार झाले, मावशी."

ते आभार घेऊन गप्प राहता आलं असतं. त्यांचे कान तापले.

"उपकार कसले. तुमचंच आहे. सगळी मीच काढून नेली होती काल."

त्याने कुपन घेतलं आणि बाटलीसोबत धरून गल्ल्याकडे गेला. त्याच्यामागून एक बाई फळीकडे येत होती. तिलाही हेच सांगायचं होतं. सासूबाईंनी मान वर केली आणि दुसरं कुपन हातात घेतलं.