गाण्यांचं वजन

लोकर विकून विकून तिचा हातच तराजू झाला होता. गुंडा तळव्यावर आला की वजन तोंडातून बाहेर. त्यामुळे नवऱ्याने गाण्यांचा तो प्लेअर आणल्यापासून त्याची एकच थट्टा. नवी गाणी भरली की तो तिच्या हातावर ठेवायचा. "सांग, किती जड झाला?"

"अहो, मनगट मोडलं माझं," ती म्हणायची. संसारात एवढं खोटं चालतं.

शेवटच्या आजारपणात एकदा त्याने तो उचलता उचलता परत उशीवर ठेवला. "आज खरंच जड लागतोय गं." सवयीने ती हसली. तोही हसला, पण जरा उशिरा.

आता ती दुरुस्तीवाल्याच्या दुकानात स्टुलावर बसली होती. लेकीनेच पिटाळलं होतं. "आई, गाणी सगळी फोनमध्ये घेतलीत मी. तो डबा विकून टाक बघू. उशाशी घेऊन रडत बसतेस नुसती."

दुरुस्तीवाल्याने प्लेअर कानाशी धरला. गाणी साठवणारी आतली तबकडी अजून फिरत होती. त्याने भाव सांगितला, नव्याला मोजले होते त्याच्या दुप्पट.

"एवढी गाणी मावणारे आता कोणी बनवत नाही, ताई. जग फोनवर ऐकतं. म्हणून हौशी लोक मागाल ते देतात. पण तबकडी थांबली की भंगार. काय ती किंमत आत्ताच."

"हे असते तर महिनाभर मला ऐकवलं असतं," ती म्हणाली. "उधळपट्टी म्हणत होते ना मी."

"गिऱ्हाइकाला रिकामा लागतो. पुसू?"

तिने होकारार्थी मान हलवली. पडद्यावर एक पट्टी सरकत गेली आणि संपली. एवढी गाणी, पण जाताना हूं की चूं नाही.

"एकदा हातात द्या."

तिने तळव्यावर घेऊन डोळे मिटले. वजन होतं तेवढंच, रतीभरही कमी नाही.

"झाला का हलका?" दुरुस्तीवाला हसत म्हणाला.

"जड लागतोय," ती म्हणाली, आणि तिचा तिलाच आवाज ओळखू येईना. त्या दिवशी उशीवर त्याने थट्टा केलीच नव्हती.

दुरुस्तीवाल्याने घ्यायला हात पुढे केला. तिची मूठ मिटलेली.

"राहू द्या. नाही विकवत."

"अहो ताई, पण आता आत काहीच नाही."

"माहीत आहे," पदराने डोळे टिपत ती उठली. "पुसायचे किती झाले?"